विळा पेशीचा, रेणूचा नव्हे

आज १९ जून, जागतिक सिकलसेल दिन. पेरणीची धांदल आहे, विदर्भातल्या शाळा अजून उघडायच्या आहेत, तरीही वर्धा जिल्ह्यात आर्वी-कारंजापासून हिंगणघाट-समुद्रपूरपर्यंत आरोग्य केंद्रांवर आज फलक लागतील, बोटे टोचली जातील, भाषणे होतील. त्यांपैकी एखाद्या तरी भाषणात हे वाक्य येईलच की, या आजारात हिमोग्लोबिनचा आकार विळ्यासारखा होतो. वाक्य सोपे आहे, लक्षात राहते, पण ते खरे नाही. विळ्यासारखी होते ती तांबडी पेशी. तिच्या पोटात हिमोग्लोबिनचे सत्तावीस-अठ्ठावीस कोटी रेणू असतात आणि त्यांतला एकही वाकत नाही. निरोगी माणसाचे हिमोग्लोबिन आणि सिकलसेलच्या रुग्णाचे हिमोग्लोबिन शेजारी ठेवून पाहिले, तर दोघांची घडण जवळजवळ सारखी असते. तरीही एकाचे रक्त सुरळीत वाहते आणि दुसऱ्याला हाडे फोडून काढणाऱ्या कळा येतात. हे कोडे कसे सुटले आणि ते सुटल्यामुळे वर्ध्याच्या रुग्णाच्या पदरात काय पडले, हे आजच्या दिवशी तपासून पाहायला हवे.

आरोग्य केंद्रात पहिली चाचणी होते ती ‘सोल्युबिलिटी’ची. नळीतल्या द्रवात सॅपोनिन असते. ते तांबड्या पेशी फोडून हिमोग्लोबिन मोकळे करते. सोडियम डायथायोनाइट असते. ते हिमोग्लोबिनला धरून बसलेला ऑक्सिजन काढून घेते. फॉस्फेटचे प्रमाण मुद्दाम जास्त ठेवलेले असते, म्हणजे जे सहज विरघळत नाही ते लगेच उघडे पडते. त्यात थोडे रक्त टाकायचे, काही मिनिटे थांबायचे आणि काळ्या रेघांच्या कागदासमोर नळी धरायची. रेघा आरपार दिसल्या तर ठीक. द्रव गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या, तर त्या रक्तात सिकलसेलचे हिमोग्लोबिन आहे. माणूस रुग्ण आहे की नुसता वाहक, हे या नळीला सांगता येत नाही. त्यासाठी नमुना इलेक्ट्रोफोरेसिसला किंवा एचपीएलसीला पाठवावा लागतो. ऑक्सिजन असताना हेच हिमोग्लोबिन निमूट विरघळलेले असते आणि ऑक्सिजन गेला की एकमेकांना धरून बसते. रेणू तोच, त्यातले अणू तेच. बदलते ती त्यांची अवकाशातली ठेवण. आरोग्य केंद्राच्या टेबलावर काही मिनिटांत उरकणारी ही चाचणी म्हणजे रेणूच्या ठेवणीवरचा प्रयोगच आहे, आणि तिचा पूर्ण अर्थ लागायला शास्त्रज्ञांना साठेक वर्षे खर्च करावी लागली.

शिकागोच्या जेम्स हेरिक या डॉक्टरांनी १९१० साली वेस्ट इंडीजमधून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तात लांबट, विळ्यासारख्या पेशी पाहिल्याचे लिहिले. त्यानंतर बराच काळ हा रक्तपेशींचा काही तरी विचित्र विकार एवढेच म्हटले गेले. १९४५ मध्ये लायनस पॉलिंग या रसायनशास्त्रज्ञाच्या कानावर विल्यम कॅसल या डॉक्टरांकडून एक माहिती आली: पेशी विळ्यासारख्या होतात त्या ऑक्सिजन कमी असलेल्या रक्तात, आणि फुप्फुसातून ऑक्सिजन घेऊन परतल्या की पुन्हा गोल होतात. पॉलिंगने तर्क केला की दोष पेशीत नसून हिमोग्लोबिनच्या रेणूतच असला पाहिजे. १९४९ मध्ये त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की विजेच्या क्षेत्रात रुग्णाचे हिमोग्लोबिन निरोगी हिमोग्लोबिनपेक्षा वेगळ्या गतीने सरकते. एखाद्या आजाराला ‘रेणूचा आजार’ म्हणण्याची ही पहिलीच वेळ. आज जिल्हा पातळीवर जी इलेक्ट्रोफोरेसिसची चाचणी होते, तिचे मूळ या प्रयोगात आहे. पुढे १९५६-५७ मध्ये केंब्रिजला व्हर्नन इनग्रॅमने नेमका फरक शोधला. हिमोग्लोबिनमध्ये एकूण ५७४ अमिनो आम्ले, चार साखळ्यांत ओवलेली; दोन अल्फा, दोन बीटा. बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल असायला हवे, तिथे रुग्णांत व्हॅलिन असते. बाकी सगळे जसेच्या तसे.

योगायोग असा की याच सुमारास, १९५८ मध्ये, शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलवरचा आपला लेख नागपुरातून ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला. म्हणजे केंब्रिजला रेणूतली चूक सापडत होती तेव्हा आपल्याकडे हा आजार आहे, एवढे नुकते कळत होते.

ग्लुटामिक आम्लावर विजेचा ऋणभार असतो आणि त्याला पाणी मानवते. व्हॅलिनवर भार नसतो आणि ते पाण्यापासून अंग चोरते. एवढे कळले तरी प्रश्न उरतोच. ५७४ पैकी दोन जागी असा फरक पडला, तर त्याने कोटी कोटी रेणूंनी एकमेकांना का धरावे? आणि ऑक्सिजन गेल्यावरच का धरावे? याचे उत्तर साखळीतला क्रम वाचून मिळत नाही. रेणू तिन्ही मितींत कसा उभा आहे, कोणता भाग बाहेर आहे, कोणता आत दडला आहे, हे पाहावे लागते. रेणू तर डोळ्याला दिसत नाही, आणि साध्या सूक्ष्मदर्शकालाही नाही. हिमोग्लोबिनची लांबी भरते साठेक अँगस्ट्रॉम, आणि एका मिलिमीटरमध्ये एक कोटी अँगस्ट्रॉम मावतात. दृश्य प्रकाशाची लहर याहून साधारण शंभर पट मोठी असल्याने ती अणूंमधले अंतर टिपू शकत नाही. क्ष-किरणांची लहर अणूंच्या अंतराएवढी असते म्हणून तिचा उपयोग होतो. पण क्ष-किरणांना एकवटून चित्र उमटवील असे भिंग नाही. त्यामुळे शास्त्रज्ञ आधी त्या पदार्थाचा स्फटिक करतात. स्फटिकात असंख्य रेणू एकाच दिशेला तोंड करून ओळीत बसलेले असतात. त्यावर किरण सोडला की तो ठरावीक कोनांत विखुरतो आणि पडद्यावर हजारो ठिपके उमटतात. कोणता ठिपका किती ठळक, यावरून उलट गणित करत अणूंच्या जागा काढायच्या. मिठासारख्या साध्या पदार्थांवर हे काम १९१३ पासून ब्रॅग पितापुत्रांनी करून दाखवले होते. हजारो अणूंच्या प्रथिनावर ते जमेल यावर मात्र फार कमी लोकांचा विश्वास होता.

मॅक्स पेरुट्झ हा व्हिएन्नाचा तरुण १९३६ मध्ये केंब्रिजला आला. पुढच्या वर्षी प्रागला गेला असता फेलिक्स हाउरोवित्झ या नातलग शास्त्रज्ञाने त्याला हिमोग्लोबिनवर काम कर असे सुचवले. याच हाउरोवित्झने एक विलक्षण गोष्ट पाहिली होती. हिमोग्लोबिनच्या तांबड्या सुयांसारख्या स्फटिकांची बाटली शीतकपाटात काही आठवडे राहिली. जंतूंनी त्यातला ऑक्सिजन संपवला आणि सुयांच्या जागी जांभळट, षट्‍कोनी चकत्या तयार झाल्या. त्या सूक्ष्मदर्शकाखाली घेतल्यावर काचेच्या कडेने हवा आत शिरली आणि पाहता पाहता चकत्या विरघळून पुन्हा तांबड्या सुया उगवल्या. ऑक्सिजन धरताना आणि सोडताना रेणूची ठेवण बदलते, याचा डोळ्यांदेखत मिळालेला हा पुरावा होता. १९३८ साली तो प्रसिद्ध झाला. आपल्या नळीतल्या गढूळपणाचे सगळे मर्म त्यात होते, फक्त ते तेव्हा कुणाला वाचता येत नव्हते.

पेरुट्झने घोड्याच्या हिमोग्लोबिनचे स्फटिक घेतले आणि तो वीसेक वर्षे अडून राहिला. मध्ये युद्ध आले. ऑस्ट्रियाचा म्हणून १९४० मध्ये ब्रिटिशांनीच त्याला शत्रुराष्ट्राचा नागरिक ठरवून कॅनडातल्या छावणीत धाडले, आणि मग परत बोलावून बर्फाचे जहाज बांधण्याच्या एका अचाट योजनेवर नेमले. (जहाज कधी झाले नाही.) खरी अडचण मात्र वेगळी होती. ठिपक्याचा ठळकपणा मोजता येतो, पण ती लहर तिथे पोचली तेव्हा चढावर होती की उतारावर, म्हणजे तिची कला, नोंदली जात नाही. आणि कला ठाऊक नसेल तर हजारो ठिपके हाताशी असूनही चित्र उभे राहत नाही. १९५३ मध्ये पेरुट्झला तोड सापडली. हिमोग्लोबिनच्या ठरावीक जागी पाऱ्याचा अणू बसवायचा. पारा जड असल्याने काही ठिपके ठळक होतात, काही फिके. आधीच्या आणि नंतरच्या नोंदींतल्या फरकावरून हरवलेली कला काढता येते. तेच तंत्र वापरून त्याचा सहकारी जॉन केंड्रूने आधी, १९५७-५८ मध्ये, हिमोग्लोबिनचा लहान भाऊ मायोग्लोबिन याची रचना काढली. पेरुट्झच्या हाती १९५९ मध्ये हिमोग्लोबिनचा नकाशा आला. चार साखळ्या, प्रत्येकीत लोहाचा अणू बाळगणारा एक हीम. आणि प्रत्येक साखळीची वळणे केंड्रूच्या मायोग्लोबिनसारखीच. १९६२ चे नोबेल पारितोषिक दोघांना मिळाले. बावीस वर्षांनी हाती आलेल्या या नकाशात अणू सुटे दिसत नव्हते, फक्त घडण कळत होती. आजच्या संशोधकाकडून तीन वर्षांत निकाल मागणाऱ्या अनुदान समित्यांनी पेरुट्झचा प्रस्ताव किती वेळा फेटाळला असता, हा विचार मनात येतोच.

पुढच्या दशकभरात ऑक्सिजनसह आणि ऑक्सिजनविना अशा दोन्ही ठेवणी स्पष्ट होत गेल्या. ऑक्सिजन सुटला की लोहाचा अणू हीमच्या पातळीतून अर्ध्या अँगस्ट्रॉमच्या आसपास सरकतो. तो आपल्याला बांधलेल्या हिस्टिडीनला सरकवतो, हिस्टिडीन साखळीचे वळण सरकवते, आणि अखेर रेणूचा एक अर्धा भाग दुसऱ्या अर्ध्यापासून सुमारे १५ अंशांनी फिरतो. १९७० मध्ये पेरुट्झने ही यंत्रणा मांडली. आपण दर श्वासाला हे करतो, कोट्यवधी रेणूंत एकाच वेळी, आणि आपल्याला पत्ताही नसतो.

सिकलसेलच्या हिमोग्लोबिनचे काय होते, हे १९७५ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात वॉर्नर लव्ह आणि सहकाऱ्यांनी ऑक्सिजनविरहित स्फटिकांवरून दाखवले. सहाव्या जागचे व्हॅलिन रेणूच्या पृष्ठभागावर एका बाजूला असते. शेजारच्या रेणूच्या बीटा साखळीत ८५ व्या जागचे फेनिलअॅलॅनिन आणि ८८ व्या जागचे ल्युसिन मिळून एक खोलगट खाच तयार करतात. तीही पाण्याला नाराजच. व्हॅलिन त्या खाचेत जाऊन बसते. ऑक्सिजन असतानाच्या ठेवणीत हे अंग त्या खाचेसमोर नीट येत नाही. ऑक्सिजन सुटून अर्धा भाग फिरला की येते. खाच निरोगी हिमोग्लोबिनमध्येही असते, पण तिथे बसायला व्हॅलिन नसते. म्हणून बिघाड रेणूच्या आकारात शोधला तर सापडत नाही. तो एका रेणूचा दुसऱ्याशी जो संबंध जुळतो त्यात आहे. १९९७ पर्यंत याच रचनेचे २ अँगस्ट्रॉमच्या आसपासचे बारकावेही हाती आले.

एकाला एक लागून रेणूंची ओळ होते, दोन ओळींची जोडी होते, आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून दिसले की अशा सात जोड्या, म्हणजे चौदा ओळी, एकमेकींभोवती वळून सुमारे २०० अँगस्ट्रॉम जाडीचा धागा होतो. चरख्यावर पेळूतून सूत निघताना तंतूंना जसा पीळ पडतो, तसाच हा पीळ. फक्त इथे तंतू कठीण होत जातात आणि पेशीला आतून ताठ करतात. विळा दिसतो तो या धाग्यांनी ताणलेल्या पेशीचा.

इथवरची गोष्ट विज्ञानाच्या कुठल्याही पुस्तकात मिळेल. वर्ध्याच्या उन्हाशी तिचा जो संबंध आहे, त्याबद्दल मात्र पुरेसे बोलले जात नाही. १९७४ मध्ये अमेरिकेत हॉफ्रिक्टर, रॉस आणि ईटन यांनी हे धागे किती वेळात तयार होतात ते मोजले. ऑक्सिजन गेल्याबरोबर धागे होत नाहीत. काही काळ काहीच घडत नाही आणि मग एकदम सगळे गोठते. हा थांबण्याचा काळ पेशीतल्या हिमोग्लोबिनच्या दाटपणावर अवलंबून असतो, आणि तोही भलताच: दाटपणाच्या सुमारे तिसाव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात. गणित करून पाहा. दाटपणा केवळ पाच टक्क्यांनी वाढला, तर थांबण्याचा काळ चौथ्या हिश्श्यावर येतो. दहा टक्क्यांनी वाढला तर सतराव्या हिश्श्यावर. तांबडी पेशी केशवाहिनीतून जायला साधारण सेकंदभर घेते. तेवढ्यात धागे झाले नाहीत तर ती सुटते, फुप्फुसात जाऊन ऑक्सिजन घेते आणि पुन्हा निर्धास्त होते. झाले तर तिथेच अडकते, मागच्या पेशींना अडवते, आणि सांध्यात, हाडांत, पोटात त्या कळा सुरू होतात ज्यांचे वर्णन करताना रुग्णांना शब्द सुचत नाहीत. सगळा खेळ त्या सेकंदाभराचा आहे.

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो. दिवसभर घाम गाळून पाणी कमी पडले की शरीरातले पाणी घटते, पेशीतलेही घटते, आणि हिमोग्लोबिन दाट होते. डॉक्टर सिकलसेलच्या रुग्णाला ‘भरपूर पाणी पी’ म्हणतात ते उगीच नाही. औषधाच्या चिठ्ठीवर शेवटी लिहिला जाणारा हा सल्ला रेणूच्या पातळीवर पहिल्या क्रमांकाचा आहे. त्यात आणखी एक मेख आहे. या आजारात मूत्रपिंडाची पाणी राखून ठेवण्याची शक्ती लवकर जाते, म्हणून रुग्ण मुलांना वारंवार लघवीला जावे लागते आणि तहानही वारंवार लागते. वर्गात पुन्हा पुन्हा बाहेर जायला मागणारे मूल खोडकर असेलच असे नाही. शाळा उघडतील तेव्हा शिक्षकांनी एवढे लक्षात ठेवले, वर्गात पाण्याची बाटली ठेवू दिली आणि मुलींच्या स्वच्छतागृहाला कुलूप लावले नाही, तर एखादे दुखणे टळेल. ज्या मुलींना शाळेत स्वच्छतागृह नीट मिळत नाही त्या पाणीच पीत नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक आहे. सिकलसेलच्या मुलीला ही काटकसर फार महाग पडते.

ऊन सरले म्हणून धोका सरत नाही. महिनाभरात निंदणाला बाया पावसात भिजत उभ्या राहतील. थंडीने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, पेशीला पार व्हायला जास्त वेळ लागतो, आणि सेकंदाचा तो हिशेब दुसऱ्या बाजूने चुकतो. ताप आला, न्यूमोनिया झाला, तर आणखी भर. रोजगार हमीच्या कामावर आणि शेताच्या बांधावर सिकलसेल असलेली बाई असेल तर तिला सावली, पाणी आणि थांबायची मुभा लागते. ते तिच्या आळसाचे लक्षण समजू नये.

आता औषधांकडे वळू. इथे शास्त्राच्या बढाईला थोडा लगाम घालणे भाग आहे. आज सर्वांत जास्त वापरले जाणारे औषध हायड्रॉक्सीयुरिया. हे एकोणिसाव्या शतकात तयार झालेले रसायन, नंतर कर्करोगासाठी वापरले गेलेले. सिकलसेलसाठी अमेरिकेत त्याला १९९८ मध्ये मान्यता मिळाली. त्याचा शोध कुणी रेणूची रचना पाहून लावलेला नाही. ते शरीराला पुन्हा गर्भातले हिमोग्लोबिन बनवायला लावते, एवढे लक्षात आले. गर्भातल्या हिमोग्लोबिनमध्ये बीटाऐवजी गॅमा साखळी असते. धाग्यात शेजाऱ्याला जिथे टेकायचे तिथल्या काही जागा, उदाहरणार्थ ८७ वी, गॅमा साखळीत वेगळ्या असतात. त्यामुळे तो रेणू धाग्यात बसत नाही आणि धागा वाढत नाही. जन्मल्यावर काही महिने बाळाच्या रक्तात हेच हिमोग्लोबिन जास्त असते, म्हणून तोवर बाळ ठणठणीत असते आणि सोल्युबिलिटीची नळीही फसते. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या बालरोगतज्ज्ञ डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवले की आजाराचा जोर असलेल्या इथल्या मुलांना वजनाच्या दर किलोला दिवसाला १० मिलिग्रॅम एवढ्या कमी, ठरलेल्या मात्रेनेही चांगला गुण येतो. कमी मात्रा म्हणजे कमी खर्च आणि रक्ततपासणीचा कमी ताण. वर्ध्याच्या खेड्यासाठी हे संशोधन एखाद्या नोबेलइतके मोलाचे आहे, असे आम्ही म्हटले तर अतिशयोक्तीचा आरोप आम्हाला मान्य आहे.

उलट, रेणूची ठेवण समोर ठेवून घडवलेले औषध व्हॉक्सेलोटर. ते अल्फा साखळीच्या टोकाला बसून हिमोग्लोबिनला ऑक्सिजन धरलेल्या ठेवणीत रोखते, म्हणजे धागे होऊच नयेत. कल्पना देखणी होती. अमेरिकेत २०१९ मध्ये त्याला मान्यताही मिळाली. सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनीने ते जगभरातून मागे घेतले, कारण चाचण्यांतल्या रुग्णांमध्ये कळांचे झटके आणि मृत्यू यांचे प्रमाण चिंताजनक दिसले. ऑक्सिजन घट्ट धरून ठेवणारे हिमोग्लोबिन तो ऊतींना सोडणार कसा, ही शंका जाणकार आधीपासून घेत होते. मागे घेण्याचे कारण तेच होते की आणखी काही, यावर वाद आहे. रेणूची जागा बरोबर ओळखणे आणि माणसाला बरे करणे यांत किती अंतर आहे, ते या एका औषधाने दाखवले.

रेणू पाहण्याची साधने मात्र झपाट्याने वाढली. स्फटिक न करता द्रावणातल्या प्रथिनाला प्रबळ चुंबकीय क्षेत्रात ठेवून जवळजवळच्या हायड्रोजन अणूंमधली अंतरे काढण्याचे तंत्र आले. त्याची राष्ट्रीय सुविधा मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आहे. इंदूरच्या इंडस-२ या यंत्रावर प्रथिनांच्या स्फटिकांसाठी क्ष-किरणांची स्वतंत्र शलाका आहे. प्रथिने झटकन गोठवून इलेक्ट्रॉनांनी पाहण्याच्या पद्धतीला २०१७ चे नोबेल मिळाले. साखळीची वळणे कोणत्या कोनांत शक्य आहेत याचा जो नकाशा मद्रासच्या जी. एन. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये दिला, त्यावर आजही प्रत्येक नवी रचना तपासून घेतली जाते. आणि २०२४ चे नोबेल ज्यांना विभागून मिळाले त्यांतल्या डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांच्या संगणकप्रणालीने नुसत्या क्रमावरून वीस कोटींहून अधिक प्रथिनांच्या रचनांचे अंदाज मांडले आहेत. पेरुट्झच्या बावीस वर्षांचे काम आता मिनिटांत, असे उत्साहाने सांगितले जाते. सिकलसेलपुरते एवढे ध्यानात ठेवावे की इथे सुट्या रेणूची रचना फारशी बदलतच नाही. सुट्या रेणूचे अचूक चित्र काढणाऱ्या यंत्राला या आजाराबद्दल सांगण्यासारखे थोडेच उरते. दुसरा रेणू, ऑक्सिजन, दाटपणा आणि वेळ हे सगळे मोजूनच पाहावे लागले.

वाहकांबद्दल दोन शब्द. आई-वडिलांपैकी एकाकडूनच हा दोष आला तर पेशीत निम्म्याहून अधिक हिमोग्लोबिन निरोगी असते आणि सिकलसेलचे साधारण चाळीस टक्के. निरोगी रेणू मधे मिसळले की थांबण्याचा काळ इतका लांबतो की पेशी केव्हाच पार झालेली असते. म्हणून वाहक व्यक्ती रुग्ण नव्हे. ती शेती करते, नोकरी करते, बाळंत होते. दोन वाहकांचे लग्न झाले तर मात्र प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता चारात एक. तपासणीनंतर मिळणारे रंगीत कार्ड लग्नाच्या वेळी पाहावे, असा सल्ला सरकारी कार्यकर्ते देतात आणि तो योग्यच आहे. पण आपल्याकडे कार्ड मुलीचेच मागितले जाते, मुलाचे नाही, आणि मुलीचे वाहक असणे घरात दडवून ठेवले जाते. दोष दोन्हीकडून यावा लागतो हे साधे गणित समजून घ्यायचे तर दोघांचीही कार्डे टेबलावर यायला हवीत. आधीच लग्न झालेल्या वाहक जोडप्यांना गर्भजल किंवा गर्भवेष्टनाच्या तपासणीचा मार्ग आहे. तो वेळेत, पहिल्या काही महिन्यांतच, सांगितला गेला पाहिजे. आणि हा आजार अमक्याच समाजाचा, असे म्हणणाऱ्यांना सांगायला हवे की मलेरियाच्या प्रदेशात वाहकांना त्या तापापासून काहीसे संरक्षण मिळाले म्हणून हा दोष टिकला. त्यात कुणाच्या जातीचा कमीपणा नाही.

केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केले. चाळीस वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत आजार हटवायचा, असे उद्दिष्ट. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानेही सिकलसेलला यादीत स्थान दिले आहे. अभियानाची प्रगती मोजली जाते ती तपासण्यांच्या संख्येने. आमचा आक्षेप इथे आहे. तपासणी हा पहिला टप्पा. नळी गढूळ झाली हे कळल्यावर रुग्णाच्या रक्तात काहीच बदलत नाही. बदलते ते हायड्रॉक्सीयुरियाची गोळी रोज पोटात गेली, रक्ताची ठरावीक तपासणी झाली, फॉलिक आम्ल मिळाले, न्यूमोनियाची लस टोचली गेली, तर. गोळी दोन महिने मिळाली आणि तिसऱ्या महिन्यात संपली, तर गर्भातल्या हिमोग्लोबिनचे प्रमाण पुन्हा घसरते आणि कळा पुन्हा येतात. आष्टी तालुक्यातल्या एखाद्या रुग्णाने या गोळीसाठी दर महिन्याला वर्ध्याला खेपा घालाव्यात, ही अपेक्षा बसभाडे माफ असले तरी चुकीची आहे. मजुरी कोण देणार?

म्हणून आमची मागणी अगदी मोजकी आहे. जिल्हा शल्यचिकित्सक आणि जिल्हा परिषदेचा आरोग्य विभाग यांनी तपासण्यांच्या आकड्यासोबत, दर तिमाहीला आणि तालुकावार, आणखी दोन आकडे प्रसिद्ध करावेत: जिल्ह्यात निश्चित निदान झालेले सिकलसेलचे रुग्ण किती, आणि त्यांपैकी किती जणांना मागचे सलग बारा महिने हायड्रॉक्सीयुरिया आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातच मिळाले.